बातमी खोटी निघाली, कमेंट खरी होती

३ ऑक्टोबर २०२५. दसऱ्याचा दुसरा दिवस. टीममधले निम्मे लोक सुट्टीवर होते आणि मी पुण्यातल्या फ्लॅटवर लॅपटॉप उघडून सकाळच्या मीटिंगला बसलो होतो. तेवढ्यात तात्यांचा फोन आला. तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते. ते फोन करतात तो रात्री, जेवणं झाल्यावर, आणि बहुतेक वेळा पावसाबद्दल बोलायला. सकाळी दहाला त्यांचा फोन म्हणजे काहीतरी बिघडलेलं असणार.

"भैय्या, बबलूला पोलिसांनी बोलावलंय," ते म्हणाले. "उद्या फोन घेऊन ये म्हणले. त्यानं कुण्या पुढाऱ्याला जीव घ्यायची धमकी दिली म्हणायलेत."

बबलू त्यांचा मुलगा, वय २१. घरात वाद झाला तर हा उठून गोठ्यात जातो, असा पोरगा. दोन वर्षांपासून पोलीस भरतीची तयारी करतोय. पहाटे साडेचारला उठतो, गावाबाहेरच्या रस्त्यावर १६०० मीटर पळतो आणि स्टॉपवॉचचा स्क्रीनशॉट मला पाठवतो. पाच मिनिटं चाळीस. पाच मिनिटं बत्तीस. गेल्या वर्षभरात आमच्या दोघांमधलं जवळपास सगळं बोलणं या आकड्यांचंच आहे.

"कशावरून धमकी?" मी विचारलं.

"मोबाईलवर काहीतरी लिवलं म्हणं. ते कार्ड आलं होतं ना ग्रुपवर, त्याच्या खाली."

तात्या पुढे काय बोलले ते मला नीट ऐकू आलं नाही. ते कार्ड ग्रुपवर मी टाकलं होतं.

*

आमचं गाव पाथरी तालुक्यात, गोदाकाठी. सप्टेंबरात मराठवाड्यात काय झालं ते तुम्ही पाहिलं असेल. सोयाबीन काढणीला आलेलं होतं आणि पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. महिन्याच्या शेवटी जायकवाडीतून पाणी सोडलं, गोदावरी पात्राबाहेर आली. तात्यांनी व्हिडिओ पाठवला होता. त्यात ते काही बोलत नाहीत. नुसतं पाणी दिसतं, मधे विजेचे खांब, आणि कॅमेरा हळूहळू एका बाजूने दुसरीकडे फिरतो. आमचं शेत कुठं संपतं हे ओळखायला मला त्या खांबांचा आधार घ्यावा लागला.

अशा वेळी पुण्यात बसलेल्या माणसाला फार काही करता येत नाही. मी थोडे पैसे पाठवले. आईला दिवसातून दोनदा फोन केला. बाकीचा वेळ मोबाईलवर बातम्या बघत होतो. सोमवारी रात्री कॉलेजच्या एका ग्रुपवर ते कार्ड आलं. एका मोठ्या नेत्याचा फोटो, कोपऱ्यात एका वृत्तवाहिनीचा लोगो आणि मोठ्या अक्षरात अवतरण: पाण्यात गेलं ते गेलं, सरकार रोज पैसे वाटत बसणार का?

माझं डोकं फिरलं. मी ते घरच्या ग्रुपवर टाकलं आणि खाली लिहिलं, "बघा यांची लायकी."

आता एक तपशील सांगतो. तो सांगायला मला लाज वाटते. त्या कार्डावर दोन बाणांची खूण होती, म्हणजे ते बऱ्याच हातांतून आलेलं होतं. ती खूण उगाच आलेली नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आलीय या अफवेवरून, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं मारून टाकलं. सोलापूर जिल्ह्यातून भिक्षा मागत आलेली माणसं होती ती. त्या वर्षी देशात अशा घटना एकामागून एक झाल्या. मग व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवायची मर्यादा घातली, आणि पुढं ही दोन बाणांची खूणही आणली. बाबा रे, हे कुणी लिहिलंय ते पाठवणाऱ्यालाही माहीत नाही, एवढंच ती खूण सांगते.

मी काय केलं? कार्ड थेट पुढे पाठवण्याऐवजी त्याचा स्क्रीनशॉट काढला, वरची-खालची पट्टी कापली आणि स्वच्छ फोटो पाठवला. फसवायचं म्हणून नाही. नीट दिसावं म्हणून. पण त्यामुळे बाण गेले. घरच्यांना दिसलं ते माझ्याकडून आलेलं कार्ड.

बबलू त्या दिवशी गुडघाभर चिखलातून म्हशी काढून आला होता. त्यानं कार्ड पाहिलं, त्या नेत्याचं पान उघडलं आणि तिथल्या सर्वांत वरच्या पोस्टखाली, स्वतःच्या नावानं, स्वतःच्या फोटोसह लिहिलं: "गावात पाय ठेव, जिता परत जाऊ देणार नाही."

त्या पोस्टचा पुराशी संबंधही नव्हता. कुठल्यातरी उद्घाटनाचे फोटो होते.

दोन दिवसांत त्या वाहिनीनं कार्ड आपलं नसल्याचं सांगितलं. नेता तसं बोललाच नव्हता. लोगो जुना होता, अक्षरांचं वळण वेगळं होतं, एका शब्दातली वेलांटी चुकलेली होती. दिवसभर दुसऱ्याच्या कोडमधले स्वल्पविराम शोधून पोट भरणाऱ्या माणसाला, म्हणजे मला, हे दिसलं नव्हतं. ग्रुपवर कुणीतरी "फेक होतं रे ते" असं लिहिलं, मी डोक्याला हात लावलेला इमोजी टाकला आणि विषय संपला.

बबलूची कमेंट मात्र तिथंच होती. ती खोटी म्हणून कुणी जाहीर करू शकत नव्हतं, कारण ती खोटी नव्हती. कुणीतरी तिचा स्क्रीनशॉट काढून तक्रार केली.

*

माझ्या कामात डेटाबेस असतात. नवीन मुलं टीममध्ये आली की एक चूक हमखास करतात. समजा, कर्मचाऱ्यांची यादी आहे आणि एकाच्या पगाराची जागा कोरी आहे. मुलं ते शून्य धरतात. पण कोरं म्हणजे शून्य नव्हे. शून्य म्हणजे पगार नाही हे आपल्याला माहीत आहे. कोरं म्हणजे पगार किती ते आपल्याला माहीत नाही. आम्ही त्याला नल म्हणतो. संगणकाला विचारलं की हे बरोबर आहे का, तर नलच्या बाबतीत तो हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. तिसरंच उत्तर देतो: ठाऊक नाही.

हे मी दर वर्षी कुणाला ना कुणाला समजावतो. राजकारणाची बातमी आली की मात्र माझ्याकडे दोनच उत्तरं असतात. आवडत्या माणसाबद्दल वाईट असेल तर खोटी. नावडत्याबद्दल वाईट असेल तर खरी.

आणि "सोशल मीडियावरचं सगळं खोटंच धरा" या उपदेशानंही काम भागत नाही. हे मला २३ नोव्हेंबर २०१९ च्या सकाळी कळायला हवं होतं. माझी पहिली नोकरी, कर्वेनगरात तिघांत एक खोली. विधानसभेचा निकाल लागून महिना होत आला होता आणि राज्यात राष्ट्रपती राजवट होती. आदल्या संध्याकाळी शरद पवारांनी सांगितलं होतं की उद्धव ठाकरेंच्या नावावर सहमती झालीय. सकाळच्या पेपरात तोच मथळा. आणि आठच्या सुमारास कॉलेजच्या ग्रुपवर एका मित्रानं लिहिलं, "फडणवीसांचा शपथविधी झाला. अजितदादा उपमुख्यमंत्री."

मी त्याला वेड्यात काढलं. पुरावा म्हणून हातातल्या पेपरचा फोटो टाकला. "जरा वाचत जा," असंही लिहिलं. छापील पेपर माझ्या हातात होता आणि त्याच्याकडे नुसता हलणारा एक व्हिडिओ. कुणाचं खरं वाटेल?

खरं त्याचं होतं. पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी राष्ट्रपती राजवट उठली होती आणि राजभवनात शपथविधी उरकला होता. पेपर रात्री छापला होता तेव्हा त्यातलं खरंच होतं, माझ्या हातात येईपर्यंत शिळं झालं होतं. आणि ज्याला मी सत्य म्हणून चिकटलो होतो ते २६ तारखेला पुन्हा पालटलं. अजितदादांचा राजीनामा, पाठोपाठ फडणवीसांचा, आणि २८ ला शिवाजी पार्कवर उद्धव ठाकरेंचा शपथविधी. पाच-सहा दिवस थांबलो असतो तर आम्ही दोघंही बरोबर ठरलो असतो.

पण आम्ही थांबलो नाही. त्या सकाळी ग्रुपवर तो आणि मी जे बोललो, ते नेत्यांवरून सुरू झालं आणि एकमेकांच्या जातीवर, बापाच्या धंद्यावर जाऊन थांबलो. नांदेडला चार वर्षं एका ताटात जेवलेली पोरं आम्ही. तो ग्रुप सोडून गेला. ज्यांच्यावरून भांडलो ते नेते नंतर कितीदा एकत्र आले, कितीदा वेगळे झाले. आम्ही दोघं अजून बोललेलो नाही.

*

जगात जर्मनी अन् भारतात परभणी, असं आम्ही परभणीचे लोक गमतीनं म्हणतो. बाहेरच्यांना आमचं शहर माहीत नसतं, म्हणून आपणच आपली पाठ थोपटायची. डिसेंबर २०२४ मध्ये मात्र सगळ्या देशाला परभणी माहीत झाली.

१० डिसेंबरला संध्याकाळी रेल्वे स्टेशनसमोरच्या बाबासाहेबांच्या पुतळ्यापुढं असलेल्या संविधानाच्या प्रतिकृतीची एका माणसानं तोडफोड केली. लोक रस्त्यावर आले. ११ तारखेला बंद पुकारला गेला, त्याला हिंसक वळण लागलं. जाळपोळ झाली, लाठीमार झाला, जमावबंदी लागली, इंटरनेट बंद झालं. पोलिसांनी धरपकड केली.

आई-बाबा परभणीत राहतात. त्यांच्या फोनला नेट नव्हतं आणि माझ्या फोनला पुण्यात फुल्ल रेंज होती. म्हणजे आमच्या घरापासून चालत जाता येईल अशा चौकात काय चाललंय हे मला "कळत" होतं आणि त्यांना कळत नव्हतं. माझ्या मोबाईलवर तोडफोड करणाऱ्याची जात आली, धर्म आला, पक्ष आला. एकाच तासात तीन वेगवेगळ्या जाती आल्या. कुठल्याशा जुन्या दंगलीचा व्हिडिओ परभणीचा म्हणून आला, ज्यातल्या दुकानांच्या पाट्या मराठीत नव्हत्या. प्रत्येकाखाली शेकडो कमेंट. याला मारा, त्याला फाशी द्या, अमक्या नेत्याला परभणीत पाय ठेवू देऊ नका.

मी घाबरून आईला साधा फोन लावला.

"इकडं दुकानं बंद हायेत," ती म्हणाली. "पोलिसाच्या गाड्या फिरायल्यात. सकाळी तिकडून धूर दिसत होता, आता नाही. दूध आलं नाही आज."

"आई, ज्यानं केलं तो कोण होता म्हणे?"

"मला काय माहीत? मी घरात हाय. तू जेवलास का?"

नंतर कितीदा तरी मला हे वाक्य आठवलं. मला काय माहीत, मी घरात हाय. त्या दिवसभरात मी ऐकलेलं सगळ्यांत विश्वासार्ह वाक्य तेच होतं. तिला धूर दिसला तेवढा तिनं सांगितला. दिसायचा थांबला तेही सांगितलं. त्यापलीकडचं तिनं भरलं नाही.

१५ डिसेंबरला सोमनाथ सूर्यवंशी या कायद्याच्या विद्यार्थ्याचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. वय ३५. त्या धरपकडीत त्यांना पकडलं होतं. त्या क्षणापासून मोबाईलवर पुन्हा सगळ्यांना सगळं माहीत होतं. शवविच्छेदनाचा प्राथमिक अहवाल अनेक जखमांमुळे बसलेल्या धक्क्याबद्दल बोलत होता. विधानसभेत मुख्यमंत्र्यांनी मारहाण झाली नसल्याचं आणि त्यांना श्वसनाचा आजार असल्याचं सांगितलं. ज्याला जे हवं होतं ते त्यानं उचललं आणि दुसऱ्याच्या तोंडावर मारलं. तिकडे सोमनाथ यांच्या आई मात्र उत्तर शोधत कोर्टाच्या पायऱ्या चढत होत्या. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि त्याच महिन्याच्या शेवटी सर्वोच्च न्यायालयानं तो कायम ठेवला. नुसता गुन्हा नोंदवला जावा एवढ्यासाठी सात महिने.

मोबाईलवर पहिल्याच तासात निकाल लावून मोकळे झालेले आम्ही त्या सात महिन्यांत कुठं होतो? मी माझ्यापुरतं सांगतो. मी दुसऱ्या विषयावर भांडत होतो. खंडपीठाच्या आदेशाची बातमी मी पूर्ण वाचलीसुद्धा नव्हती. खात्री होण्याआधी माझ्यात एवढा राग होता, आणि खात्री व्हायची वेळ आली तेव्हा माझ्यातला राग संपलेला होता. ज्या माऊलीला तो राग उपयोगी पडला असता तिच्यापर्यंत तो पोचलाच नाही.

*

३ ऑक्टोबरच्या रात्री मी ट्रॅव्हल्सनं परभणीला निघालो. झोप येत नव्हती म्हणून कायदा वाचत बसलो. नव्या भारतीय न्याय संहितेत धमकीचं कलम ३५१ आहे. साध्या धमकीला दोन वर्षांपर्यंत शिक्षा, जीव घेण्याच्या धमकीला सात वर्षांपर्यंत. नाव लपवून दिली तर आणखी दोन. बबलूनं नाव लपवलं नव्हतं, एवढाच काय तो दिलासा.

माझ्या मनात एक बाजू म्हणत होती, चिखलात उभ्या असलेल्या पोराच्या एका ओळीवर पोलीस वेळ घालवतात हे अतीच झालं. पालघरची गोष्ट आठवत होती. २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरेंच्या निधनानंतरच्या बंदबद्दल एका मुलीनं फेसबुकवर लिहिलं, दुसरीनं ते लाइक केलं, आणि दोघींना अटक झाली. त्यात धमकी तर नव्हतीच, नुसतं मत होतं. त्या प्रकरणातूनच पुढं याचिका झाली आणि २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६अ कलम रद्द केलं. मत मांडणं आणि धमकी देणं यांतला फरक आपल्याकडे पोलिसांनाही कधीकधी शिकवावा लागलाय.

पण बबलूनं लिहिलं ते मत नव्हतं. आणि दुसरी बाजूही महाराष्ट्रातच घडलीय. डॉ. नरेंद्र दाभोलकरांना कित्येक वर्षं धमक्या येत होत्या. बहुतेकांना त्या पोकळ वाटत असतील. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी पुण्यात पुलावर फिरायला गेले असताना त्यांना गोळ्या घातल्या. २०१५ मध्ये कोल्हापुरात गोविंद पानसरेंना. त्यानंतर "धमकीच आहे, कोण काय करतंय" असं म्हणायची सोय राहिली नाही. जून २०२३ मध्ये शरद पवारांना सोशल मीडियावरून धमकी आली, तुमचा दाभोलकर करू अशा अर्थाची. सुप्रिया सुळे मुंबईच्या पोलीस आयुक्तांना भेटल्या. आणि त्या तपासात अटक झाली ती पुण्यात आयटीत काम करणाऱ्या एका माणसाला.

ती बातमी आली तेव्हा आम्ही ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये हसलो होतो. "कुणाच्या टीममधला होता रे?" म्हणून. त्या रात्री बसमध्ये हसू आलं नाही. धमकी देणारा म्हणजे तुरुंगातून सुटलेला, डोळे लाल असलेला कुणीतरी असणार, असं माझ्या डोक्यात होतं. तो माझ्यासारखा आयडी कार्ड गळ्यात घालून लिफ्टची वाट बघणारा असू शकतो. तो पहाटे साडेचारला उठून पळणारा बबलूही असू शकतो. वाचणाऱ्या पोलिसाला स्क्रीनवर फक्त ओळ दिसते. मागचा चिखल दिसत नाही, म्हशी दिसत नाहीत. आणि ज्याच्या मागे चिखल नसून खरंच पिस्तूल आहे त्याची ओळही अगदी अशीच दिसते.

*

ठाण्यात आम्हाला तीन तास बसवलं. तात्यांनी स्वच्छ धोतर-टोपी घातली होती, लग्नाला जाताना घालतात तशी. बबलूनं भरतीच्या सरावाचे बूट घातले होते. त्याच्याकडे दुसरे बूट नाहीत.

ज्या हवालदारांनी जबाब घेतला ते पन्नाशीचे होते. ओरडले नाहीत. कमेंटचा छापील कागद पुढं सरकवून विचारलं, "हे तूच लिहिलंस?"

"हो साहेब."

"शुद्धीत होतास का?"

"हो साहेब. राग आला होता."

"कशाचा?"

"ते कार्ड बघून."

"ते तर खोटं होतं."

"मला काय माहीत साहेब."

"कार्ड कुणी पाठवलं तुला?"

मी त्याच बाकावर बसलो होतो. आमच्या दोघांत तात्या होते. बबलूनं माझ्याकडे पाहिलंही नाही.

"आलं साहेब कुठून तरी. सगळीकडंच फिरत होतं."

ते माझ्या तोंडात आलं होतं. मी पाठवलं, साहेब. तीन शब्द. मी बोललो नाही. कारण काय सांगू? कंपनी, परदेशी प्रोजेक्ट, पार्श्वभूमी तपासणी, सगळं एका सेकंदात डोळ्यांपुढून गेलं. रोज रात्री मोबाईलवर निर्भयपणे सत्ता उलथवणारा मी, एका मध्यमवयीन हवालदारासमोर तीन शब्द बोलू शकलो नाही.

जबाब लिहून झाला. बबलूनं कमेंट काढून टाकली, माफीचं लिहून दिलं, सही केली. हवालदारांनी पोटावरून हात फिरवत त्याच्या बुटांकडे पाहिलं.

"भरती करतोस?"

"हो साहेब."

"मग येडा हायेस का तू?" एवढंच म्हणाले आणि कागद फाईलमध्ये लावला. त्या कागदाचं पुढं काय होतं, चारित्र्य पडताळणीच्या वेळी तो बाहेर येतो का, हे आम्ही विचारलं. "बघू, साहेबांवर हाय," असं उत्तर मिळालं.

बाहेर चहाच्या टपरीवर मी तात्यांना सांगून टाकलं. ते कार्ड मी टाकलं होतं, आणि आत मी गप्प बसलो.

तात्यांनी बशीतला चहा संपवला. "मला माहीत हाय की," ते म्हणाले. "ग्रुपात मी बी हाय."

मग बबलू बोलला. त्याच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे जास्त लागलं. "भैय्या, तसली कार्डं मला रोज धा येतात. मी बघत बी नाही. ते तू पाठवलंस म्हणून खरं वाटलं. तू कम्प्युटरवाला."

मला तोवर वाटत होतं की खोटी बातमी तिच्या चकचकीत दिसण्यामुळे, लोगोमुळे पसरते. आमच्या घरात ती पसरली माझ्यामुळे. बबलूनं तपासणी केली नव्हती असं नाही. त्यानं त्याच्यापरीनं केली होती. पाठवणारा कोण आहे हे त्यानं पाहिलं होतं. गावाकडं माणसं अशीच खात्री करतात: सांगणारा कोण? आणि सांगणारा होतो मी, घरातला पहिला इंजिनिअर, ज्यानं बाण कापून टाकले होते.

*

७ ऑक्टोबरला सरकारनं ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. ते पुरेसं आहे का, हातात किती पडणार, यावर भांडायला भरपूर जागा आहे आणि ते भांडण झालंच पाहिजे. तात्या भांडतातच, तलाठ्यापासून आमदारापर्यंत, पंचनाम्याचा कागद हातात घेऊन. त्यांना राग येत नाही असं नाही. पण ते ज्याच्याशी भांडतात तो समोर असतो आणि ज्यावरून भांडतात ते कागदावर असतं.

पाणी आलं तो दिवस आणि पॅकेज जाहीर झालं तो दिवस, यांच्यामध्ये जे दिवस होते त्यांत कुणालाच काही माहीत नव्हतं. ते कार्ड बनवणाऱ्याला बरोबर ठाऊक होतं की ही जागा कोरी आहे आणि लोकांना ती कोरी सहन होत नाही. त्यानं त्यात एक वाक्य भरलं. मी त्यात माझी पत भरली. बबलूनं स्वतःचं नाव भरलं.

त्या कॉलेजच्या मित्राचा नंबर माझ्याकडे अजून आहे. गेल्या महिन्यात मी त्याला मेसेज केला, "शपथविधीचं तू बरोबर होतास." दोन निळ्या खुणा आल्या आहेत. उत्तर आलेलं नाही.

घरच्या ग्रुपवर आता कुणी काही टाकलं की आत्या विचारते, "भैय्या, हे खरं हाय का?" पहिल्यांदा मला ते टोमणा वाटलं. नंतर कळलं, ती खरंच विचारतेय. तिच्या लेखी माझी पत अजून शिल्लक आहे. मी शोधतो. सापडलं तर सांगतो. बहुतेक वेळा तासाभरात काहीच पक्कं सापडत नाही, मग लिहितो, "माहीत नाही, उद्या बघू." उद्यापर्यंत निम्म्या बातम्यांबद्दल कुणी पुन्हा विचारत नाही.

बबलूचे स्क्रीनशॉट आठवडाभर बंद होते. मग एका पहाटे आला: पाच मिनिटं एकोणतीस. त्याच्याखाली एक प्रश्न होता.

"भैय्या, त्या कागदाचं काही होईल का रे पडताळणीला?"

मी बराच वेळ ते बघत बसलो. काही होणार नाही, असं लिहिलं. पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. माझ्या शब्दावर तो किती विश्वास ठेवतो हे मला आता चांगलंच ठाऊक होतं.

"माहीत नाही," मी लिहिलं. "वकिलाला विचारतो. तू पळत रहा."